ऋषीच्या भाजीतली शेंदाडं

दिल्लीतल्या पहिल्या वर्षी माझी आई दिवसभर बोलायची नाही. बोलायला कुणी नव्हतंच. बाबा सकाळी साडेआठला डबा घेऊन केंद्र सरकारच्या त्यांच्या खात्यात जायचे आणि मी शाळेत. मग तिमारपूरच्या त्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आई, एक घरघरणारा कूलर आणि जिन्यावरून जाणारे येणारे परके पाय. परभणीला आमच्या दारावरून कुणीही गेलं तरी आई घरातूनच विचारायची, "कोण आहे? कुठं निघालात?" इथं ती पावलांचा आवाज ऐकायची आणि गप्प बसायची. मी शाळेतून आले की दिवसभराचं साठलेलं सगळं एकदम सुरू व्हायचं. कढईला वास राहिलाय, समोरच्या गच्चीवर मोर आला होता, मामाचं पत्र आलं नाही, नळाला पाणी येताना शिट्टी वाजते. मी दप्तर टाकून ऐकत असे. ऐकायची म्हणजे काय, पोळीचा तुकडा तोंडात आणि लक्ष खिडकीबाहेर. बारा वर्षांच्या मुलीला आईची बडबड म्हणजे घरातल्या पंख्यासारखी, बंद पडली की मगच कळते.

मलाही मैत्रिणी नव्हत्या. माझं हिंदी ऐकून वर्गातल्या मुली हसायच्या. मग मी बोलणंच सोडलं आणि मधल्या सुट्टीत नळावर जाऊन उगाच हात धूत बसायला लागले. इतके स्वच्छ हात आयुष्यात पुन्हा कधी नव्हते. मला परत जायचं होतं. परभणीची शाळा, मामाचं शेत, कापसाच्या सऱ्यांतून पळताना पोटऱ्यांना लागणारी पानं, हे सगळं मला रोज रात्री डोळे मिटले की दिसायचं. बाबांना हे सांगायची सोय नव्हती. ते हसून म्हणायचे, "अगं, लोक दिल्लीला यायला मरतात!" मरत असतील. आम्ही दोघी काही मरून आलो नव्हतो, बाबांची बदली झाली म्हणून आलो होतो.

दूध घालायला भतेरी यायची. वजिराबादच्या बाजूला, यमुनेच्या खादरात, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, तिची म्हशींची गोठण होती. उंच, सडसडीत बाई, पायात चांदीचे जाड वाळे, डोक्यावर ओढणी. तिच्या आईला ओळीनं पाच मुली झाल्यावर सहावीचं नाव भतेरी ठेवलं, म्हणजे आता पुरे झाल्या. हे तिनंच हसत सांगितलं होतं. आईला ते इतकं लागलं की त्या दिवसापासून तिनं भतेरीला दारात उभं ठेवणं सोडलं, आत बोलावून चहा द्यायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. आई मराठीत बोलायची, भतेरी हरियाणवीत, आणि दोघींचं बरं चाललं होतं.

श्रावणातल्या एका सकाळी भतेरी दुधाबरोबर चाऱ्याचा भाराही डोक्यावर घेऊन आली. भारा तिनं जिन्यात टेकवला, तर ज्वारीच्या ताटांत एक वेल गुरफटून आला होता. खरखरीत पानं, पिवळी बारीक फुलं आणि अंड्याएवढी हिरवी पट्ट्यापट्ट्यांची फळं. आई पातेलं हातात घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. "अगं बाई! शेंदाडं!" म्हणून ती खाली बसली आणि वेलावरून असा हात फिरवायला लागली, जसा माहेरचं माणूस भेटल्यावर त्याच्या तोंडावरून फिरवावा. वर्षभरात मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता.

"या तो काचरी सै, बहनजी," भतेरी म्हणाली. "डांगरां का चारा काटूं तो साथ मैं आ ज्या सै. कोई बोवै थोड़े ही सै इसनै."

"आमच्याकडंबी कुणी पेरत नाही. कापसात, ज्वारीत आपोआप येतंय," आई म्हणाली. मग दोघी तिथंच बसल्या, एक जिन्यावर, एक उंबऱ्यावर. आई सांगत होती, कोवळं शेंदाड मिठाबरोबर नुसतं खायचं, जून झालं की भाजी, चकत्या करून वाळवल्या की उन्हाळ्यात तळायला, आणि पिवळं पिकलं की पोरं वासासाठी खिशात घेऊन हिंडतात. भतेरीकडे लसूण आणि लाल मिरची घालून पाट्यावर चटणी वाटत, गवारीच्या शेंगांबरोबर भाजी करत, वाळवून दोऱ्यात ओवून ठेवत आणि वर्षभर आंबटपणासाठी पूड वापरत. म्हशीचं पोट फुगलं तर तिलाही चारत. "अर आदमी लोग तो मीट मैं गेरैं सैं, गळ ज्या सै तावळा," म्हणजे मटणात घातलं की ते लवकर शिजतं, असं ती म्हणाली, तेव्हा मात्र आईला अचानक तिची भाषा कळेनाशी झाली.

आता मी द्वारकेत नवव्या मजल्यावर राहते. माझ्या मामेबहिणीची मुलगी नोएडात नोकरी करते, ती मध्यंतरी मॉलमधून काचरीच्या पुडीचं एक पाकीट घेऊन आली. "मावशी, हे काय असतं ग, यू नो?" असं विचारत होती. शेंदाड हा शब्दच तिनं कधी ऐकला नव्हता. ती गेल्यावर मी मोबाइलवर बरंच वाचलं. या रानवेलाचा मुलूख केवढा मोठा आहे! राजस्थानची वाळू, हरियाणातले बाजरीचे बांध, इथला यमुनेचा खादर, गुजरात, माळवा आणि खाली आमची काळी जमीन. शिवाय हिमालयाच्या पायथ्याशी खरी रानकाकडी आहे, आपल्या कोशिंबिरीतल्या काकडीची थोरली पूर्वज, आणि ती म्हणे इतकी कडू की तोंडात धरवत नाही. वाचताना मला जरा रागच आला. परभणीपासून दिल्लीपर्यंत तो वेल सगळीकडे आपल्या घरीच होता, उपऱ्या होतो त्या आम्ही दोघी.

तर भतेरीच्या भाऱ्यातून शेंदाडं आली, त्याच आठवड्यात आईनं ठरवलं, यंदा ऋषिपंचमी करायची, आणि नुसती करायची नाही, बायका जेवायला बोलवायच्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बायका हे व्रत करतात आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य नाही, भाजी नाही. परसात हातानं लावलेलं किंवा रानात आपोआप उगवलेलं, तेवढंच. ऊस नांगरटीचा, म्हणून गूळसुद्धा नाही. चिंच, मीठ, हिरवी मिरची आणि मिळतील त्या पाला-फळांची एकत्र भाजी. परभणीला या भाजीत शेंदाडं असायचीच. ती मिळाली आणि आईला वाटलं, आता दिल्लीत आपलंही काही मांडता येईल.

बाबा म्हणाले, "इथं सगळी जमीन ट्रॅक्टरनं नांगरतात. बैलाला कष्टच नाहीत. अख्खी सब्जीमंडी ऋषीची भाजी समज आणि घेऊन ये."

"नांगरट ती नांगरट. आणि तुम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्ही काय ऋषी आहात का?" आई म्हणाली. पण हसत म्हणाली.

मग दिवेलागणीला त्या दोघांचं बोलणं मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं. बाबांचा आवाज हळू होता. "बघ, कॉलनीतल्या आपल्या बायकांत तुझं मन रमलं तर फार बरं. नाहीच रमलं, तर तुम्हा दोघींना परभणीला ठेवतो. मी राहीन इथं एकटा, करीन खिचडी." आई म्हणाली, "बघू. पंचमीचं नीट होऊ दे." तुम्हा दोघींना. हे दोन शब्द मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून कितीतरी वेळा म्हटले. पंचमीचं नीट झालं तर आम्ही इथंच राहणार होतो. नीट झालं नाही तर मी घरी जाणार होते.

कॉलनीत मराठी बायका चार. त्यांतल्या गोखलेकाकू म्हणजे पुढारी. वीस वर्षं दिल्लीत काढलेल्या, पुण्याचं शुद्ध मराठी आणि त्यात "अच्छा", "बिल्कुल" असं जिरं-मोहरी टाकल्यासारखं. आईच्या "काय करायलाव?"वर त्यांच्या ओठांचे कोपरे किंचित हलायचे. दोघीजणी त्यांच्या मागून हसणाऱ्या. आणि चौथ्या साळवे सिस्टर, नगरकडच्या ख्रिस्ती, हिंदूरावच्या टेकडीवरल्या मोठ्या दवाखान्यात नर्स. "मला चालेल ना हो तुमच्या पंचमीला?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा आई म्हणाली होती, "ऋषींना चालतंय, मग आपण कोण?"

पंचमीच्या चार दिवस आधी भतेरी मला खादरात घेऊन गेली. ज्वारीच्या बांधावर, कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, झुडपांखाली काचरीचे वेल पसरले होते. भतेरीनं पहिला धडा दिला. "न्यारी-न्यारी बेल का न्यारा सुआद. हर बेल की एक चाख ले, छोरी. कड़वी लिकड़ै तो वा बेल छोड़ दे, उसकी एक बी ना तोड़िए." म्हणजे फळाकडे पाहून काही कळत नाही. एकाच बांधावर शेजारीशेजारी वाढलेल्या वेलांपैकी एक आंबटगोड आणि दुसरा जहर. मी एकेका वेलाचं एकेक फळ चावून बघितलं. चार वेल चांगले निघाले. पाचवा कीकरच्या तुटक्या खोडावर चढलेला, त्याचं फळ चावलं आणि माझी जीभ, टाळा, कान, सगळं कडू झालं. मी थुंकत राहिले आणि भतेरी कंबरेवर हात ठेवून हसत राहिली. "याद राखिए इसनै," ती म्हणाली. मी लक्षात ठेवला.

पंचमीच्या आदल्या सकाळी मी पुन्हा गेले. गणेशचतुर्थीची शाळेला सुट्टी नसायची, पण आईनं मला घरी ठेवून घेतलं होतं. निघताना तिनं बजावलं, "नैवेद्याचं आहे. एकबी तोंडाला लावायचं नाही, उष्टं होतंय. जशी तोडशील तशी आण." भतेरी पलीकडे चारा कापत होती, तिची पाठ मला दिसत होती. मी चार चांगल्या वेलांची फळं पिशवीत भरली. मग कीकरच्या खोडापाशी गेले. तिथं थोडा वेळ उभी राहिले, हे मला आजही नीट आठवतं. म्हणजे हातून चुकून घडलं असं म्हणायची सोय नाही. मी त्या वेलाची सात फळं तोडली. काट्यांनी पोटऱ्या ओरबाडल्या. पिशवीत हात घालून सगळी फळं एकमेकांत मिसळली आणि घरी आले.

आईनं दारातच माझ्या पायांकडे बघितलं, "अगं माय!" म्हणाली आणि खोबरेल तेल लावत बसली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तेव्हा सांगता आलं असतं. पण तेल लावता लावता ती गुणगुणत होती, आणि मला वाटलं, ही इथं रमेल, आणि मग मी कायमची त्या नळावर हात धूत बसेन.

दुसऱ्या दिवशी पहाटे आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, न्हाऊन आईनं सात सुपाऱ्यांचे ऋषी मांडले, आठवी अरुंधती. मग विळी घेऊन भाजी चिरायला बसली. अळू, माठ, भोपळ्याची कोवळी पानं, गच्चीवरल्या डब्यात लावलेली भेंडी, आणि शेंदाडं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ती चिरत होती, मधेच थांबली, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा चिरायला लागली. चिंचेचा कोळ नेहमीपेक्षा दुप्पट घातला. भाजी शिजायला लागली तेव्हा घरभर परभणीचा वास सुटला आणि मला रडू आलं. आई म्हणाली, "काय झालं? धूर गेला का डोळ्यांत?"

बायका बाराला आल्या. नैवेद्य झाला, पानं वाढली, आईनं सगळ्यांना नमस्कार करून जेवायला विनवलं. गोखलेकाकूंनी पहिला घास घेतला. त्यांचा चेहरा मी बघत होते. त्या थांबल्या, गिळलं, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "अच्छा. जरा वेगळी चव असते नाही तुमच्याकडे?" बाकीच्या दोघींनी घास तोंडात धरून एकमेकींकडे बघितलं. साळवे सिस्टरांनी मात्र एक घास खाल्ला आणि सरळ हात वर केला. "कुणी खाऊ नका. वहिनी, शेंदाड कडू निघालंय. पोट बिघडेल. आमच्याकडंही होतं असं, त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं, असं इतर कुणाला वाटलं नाही. वाढलेली पानं तशीच सरकवली गेली. वरीचा भात आणि दही खाऊन बायका उठल्या, हळदीकुंकू घेतलं, "बिल्कुल वाईट वाटून घेऊ नका हं" असं काकू दोनदा म्हणाल्या. दार लागलं. आणि मग जिन्यावरून हसू ऐकू आलं. दाबलेलं, मग एक मजला खाली गेल्यावर मोकळं. आई पावलांचा आवाज ऐकत उभी होती. मग ती आपल्या पानावर बसली आणि भाजी जेवायला लागली. घासामागून घास, तोंड जराही वाकडं न करता. मी म्हटलं, "आई, नको ना खाऊ." ती म्हणाली, "ऋषीपुढं ठेवलेलं हाय. टाकता येत नाही." तिनं पान स्वच्छ केलं. चारच्या सुमारास तिला उलट्या सुरू झाल्या. मी धावत जाऊन साळवे सिस्टरांना बोलावून आणलं. त्या संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून चमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजत राहिल्या. मी कोपऱ्यात उभी होते. माझं काम फत्ते झालं होतं.

आठवडाभर आई पडून होती. पोट दोनच दिवसांत बरं झालं, पण तिनं बोलणं सोडलं. आता मी शाळेतून आले तरी काही साठलेलं बाहेर पडत नव्हतं. शेवटी तिनं बाबांना म्हटलं, "मला जाऊ द्या थोडे दिवस." बाबांनी तिकीट काढलं. एकच. मी म्हटलं, "आणि माझं?" बाबा म्हणाले, "तुझं वर्ष मधेच वाया घालवायचं का? तू राहा माझ्यापाशी. मीही एकटाच नाही का पडणार?" माझ्या सगळ्या हिशेबात शाळेचं वर्ष आलंच नव्हतं. मी आईकडे बघितलं. ती ट्रंकेत लुगडी रचत होती. वर न बघता म्हणाली, "बाबांना सांभाळ."

आई आठ महिन्यांनी परत आली आणि नंतर आयुष्यभर दिल्लीतच राहिली. हिंदी शिकली, भतेरीच्या नातीच्या लग्नात नाचलीसुद्धा. पण मराठी बायकांना तिनं पुन्हा कधी जेवायला बोलावलं नाही, आणि ऋषिपंचमी ती एकटीच, नुसत्या फळांवर करायची. ते आठ महिने मी आणि बाबांनी कसे काढले ते काय सांगू. घरात दोन माणसं होती आणि दोघंही दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प होती.

ती परभणीला निघाली त्या दिवशी स्टेशनावर आई गाडीच्या खिडकीजवळ बसली होती. मनमाडला गाडी बदलायची, तिथं मामा येणार होता. बाबा पाण्याची बाटली भरायला गेले. तेवढाच वेळ होता. मी खिडकीचे गज धरले आणि म्हटलं, "आई, ती शेंदाडं ना..."

"अगं, तेच अजून मनात धरून बसलीस होय?" ती म्हणाली. तिनं गजांतून हात बाहेर काढून माझ्या गालावर ठेवला. "काढून टाक बरं. तुझी काय चूक? तुला काय कळणार, कुठला वेल गोड न् कुठला कडू. आणि मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"चिरतानाच हाताला वास आला. मग जिभेला लावून बघितलं. लागलं पाप तर लागू दे म्हटलं. जहर होतं ग, जहर. बाजूला काढायला घेतलंच होतं, तर तू दारात उभी. पाय हे असे ओरबाडलेले. म्हटलं, एवढ्या उन्हात, काट्यांत लेकरानं आणलेलं, तिच्या डोळ्यांदेखत कसं टाकू? चिंचेत दबंल म्हणून घातलं. नाही दबलं." ती थोडी हसली. "बायका हसल्या तर हसू देत. तुला नको वाटायला, आपलं आईनं टाकलं म्हणून."

गाडीनं हिसका दिला. बाबा बाटली घेऊन पळत येत होते. आई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आता नाही ना मनात काही?"

मी "नाही" म्हणाले. तिचा जीव हलका झालेला मला दिसला, आणि मग पुढची चाळीस वर्षं, ती जाईपर्यंत, मी ते "नाही" परत घेतलं नाही.